पोरगं वाढतंय, पण वजन त्याच्याही पुढं: कोल्हापूरच्या घरात काय बदलावं लागतं

कोल्हापुरात 'खुराक' हा शब्द फार लाडाचा. इथं पेठेपेठेत तालमी, आणि तालमीतला खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पैलवानाला तो पचतो, कारण भल्या पहाटे उठून तो शेकड्यांनी जोर-बैठका मारतो आणि लाल मातीत घाम गाळतो. आमच्या घरी खुराक चालू होता, मेहनत तेवढी नव्हती. धाकटा नऊ वर्षांचा. शाळेची व्हॅन दारात, संध्याकाळी क्लास, रात्री मोबाईल, आणि दोन्ही वेळेला म्हशीच्या दुधाचा काठोकाठ पेला. "वाढतं पोरगं हाय, खाऊ दे की," असं सासूबाई म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटायचं.

दिवाळीत घेतलेली पँट होळीला कमरेत बसेना, तेव्हाही मी 'अंगानं भरतोय' म्हणून सोडून दिलं. डोळे उघडले ते मानेमुळं. त्याच्या मानेच्या मागं काळपट पट्टा दिसायचा. मळ समजून मी दोन महिने डाळीचं पीठ आणि दही लावून घासत होते. पोर कळवळायचं. तापासाठी डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी ताप बघायच्या आधी मान बघितली. म्हणाले, "वहिनी, घासू नका. हा मळ नाही." शरीरातलं इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की त्वचा अशी काळी, जाडसर, मखमलीसारखी होते. मानेवर आणि काखेत ती आधी दिसते.

त्यानंतरच्या वर्षभरात आम्ही जे केलं, जे चुकलं आणि जे डॉक्टरांकडून कळलं, ते इथं क्रमानं लिहिते.

आधी नीट मोजा

नुसत्या नजरेवर जाऊ नका. आपल्याकडं गुबगुबीत पोर 'तब्येतीचं' आणि शिडशिडीत पोर 'आजारी' ठरतं. दोन्ही अंदाज चुकू शकतात.

उंची घेताना चपला काढून मुलाला भिंतीला टेकून उभं करा. टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला लागलं पाहिजे, नजर समोर. डोक्यावर जाड वही आडवी धरा, पेन्सिलीनं भिंतीवर खूण करा आणि ती टेपनं मोजा. वजन सकाळी, हलक्या कपड्यांत आणि दर वेळी त्याच काट्यावर घ्या. महिन्यातून एकदा पुरे. रोज काट्यावर उभं केलं तर मुलाच्या डोक्यात भलतंच काहीतरी बसतं.

वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गानं भागलं की बीएमआय मिळतो. आमचा तेव्हा १३२ सेंमी आणि ३८ किलो होता. ३८ भागिले १.३२ गुणिले १.३२, म्हणजे २१.८. मोठ्या माणसाला हा आकडा ठीक असतो, मुलाला तो तसा लावायचा नाही. मुलांचा बीएमआय वयाप्रमाणं आणि मुलगा-मुलगी बघून चार्टवर मांडावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं (आयएपी) २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या आपल्या मुलांसाठी असे चार्ट काढलेत. त्यात वरच्या बाजूला दोन रेषा आहेत. पहिलीच्या वर टिंब गेलं तर वजन जादा, दुसरीच्याही वर गेलं तर लठ्ठपणा. आमचं टिंब दोन्हींच्या वर होतं. पाच वर्षांखालच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचे वेगळे तक्ते आहेत, ते अंगणवाडीत असतात.

चार्ट हाताशी नसेल तर एक सोपी खूण आहे. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा, तिची बरोबर मध्यावर घडी घाला आणि ती दुहेरी सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती फिरवा. टोकं आरामात एकमेकांना भेटली तर ठीक. भेटली नाहीत, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या मुलांना ही खूण चालते. आमच्या सुतळीत चार बोटांची फट राहिली होती.

वाढीचा वेगही बघा. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल साधारण वर्षाला ५-६ सेंमी आणि २-३ किलो वाढतं. वर्षात सहा-सात किलो चढलं असेल तर 'भरतोय' म्हणून सोडू नका.

मला सगळ्यात दिलासा मिळाला तो या हिशेबानं. मूल वाढत असतं, त्यामुळं बहुतेक वेळा वजन उतरवावंच लागत नाही. ते थांबवलं, तरी उंची आपलं काम करते. आमचा ३८ किलोवरच राहिला आणि सहा सेंमी वाढला, तर बीएमआय २१.८ वरून २० वर येतो, आणि तो उपाशी न राहता. लठ्ठपणा फार असेल तर डॉक्टर हळूहळू वजन उतरवायला सांगतात, पण तेही महिन्याला अर्धा किलोच्या आसपास. दहा दिवसांत पाच किलो, कसली तरी पावडर, एक वेळ उपास, हे वाढत्या मुलाच्या वाट्याला येऊच देऊ नका.

डॉक्टरांकडे लगेच जायचं ते कधी

मान-काख काळी पडली तर. मूल घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर. गुडघा किंवा जांघ दुखून लंगडत असेल तर. वजन वाढतंय आणि उंची मात्र थांबलीय, असं दिसलं तर थायरॉइडसारखं काही असू शकतं. मुलीला आठ वर्षांच्या आत वयात येण्याच्या खुणा दिसल्या तर. आणि खूप तहान, सारखी लघवी, थकवा, असं असेल तर त्याच दिवशी जा, उद्यावर ढकलू नका.

डॉक्टर बहुधा रक्तदाब बघतात आणि उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर अशा तपासण्या सांगतात. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यातही बालरोग विभाग आहे, त्यामुळं खासगीतच गेलं पाहिजे असं नाही. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. त्यांनी चिठ्ठी दिली तर ती दप्तरात चुरगळू देऊ नका.

एक आठवडा नुसतं लिहा

काही बदलायच्या आधी सात दिवस वहीत लिहा: किती वाजता, काय, किती, आणि कुणी दिलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मुलाला रागवायचं नाही, फक्त लिहायचं.

आमच्या वहीतला एक मंगळवार सांगते. सकाळी दूध, दोन चमचे साखर, वर चॉकलेटची पावडर: मी. व्हॅनमध्ये कुणाचा तरी वाढदिवस म्हणून चॉकलेट. डब्यात जॅम-चपाती: मीच. चारला चहा आणि सहा बिस्किटं: आज्जी. क्लासवरून येताना वडापाव: पप्पा, "भूक लागली म्हणाला." सातला शेजारच्या काकूंकडं शेव-चिवडा. रात्री जेवण अर्धवट, "खात नाही बघा हा," म्हणून झोपताना परत दूध: आज्जी.

प्रत्येकानं एकेकदाच दिलं होतं. आज्जींनी वही वाचली, चष्मा काढला, आणि एवढंच म्हणाल्या, "म्हंजे आपण समद्यांनीच की गं." त्या दिवसापासून निम्मं काम सोपं झालं.

पेल्यापासून सुरुवात करा

सगळं एकदम बदलायला जाऊ नका, घर बंड करतं. पहिले पंधरा दिवस फक्त पिण्याकडं बघा. तिथं मुलाला फार तुटत नाही आणि फरक मोठा पडतो.

म्हशीच्या दुधात सहा टक्के किंवा त्याहून जास्त फॅट असतं. २०० मिलीच्या पेल्यात दोनशेच्या आसपास कॅलरी होतात, आणि दोन चमचे साखरेच्या चाळीस वेगळ्या. टोन्ड दुधाचा तेवढाच पेला सव्वाशेच्या आत येतो. दोन वर्षांनंतर मुलाला कमी फॅटचं दूध चालतं. म्हशीचंच हवं तर तापवून, थंड करून साय पूर्ण काढा. दूध, दही, ताक मिळून दिवसाला ४००-५०० मिली पुरतं. गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं फेसाळ दूध ही कोल्हापूरची शान खरी, पण न तापवलेलं दूध लहान मुलांना देऊ नये. आजोबांनी त्यावर तोंड वाकडं केलं, असू दे.

दुधातल्या पावडरींचं सांगायचं तर 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकार आपल्या अन्नकायद्यात नाहीच. डब्याच्या मागं १०० ग्रॅमला साखर किती ते वाचा आणि ठरवा. आम्ही साखर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो. चौथ्या आठवड्यात त्याला बिनसाखरेचं दूध दिलं, तर त्याच्या लक्षातही आलं नाही.

२५० मिली कोल्यात सव्वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पाच चमचे. दोन वर्षांच्या पुढच्या मुलाला दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी असं सांगतात, म्हणजे एका बाटलीत दिवस संपला. फ्रूट ज्यूसचे खोके त्याच पंगतीतले. आणि आता कोल्हापूरकरांना झोंबेल असं: उसाचा रससुद्धा. मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमहून जास्त साखर जाते. आपल्या गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण पोटात गेल्यावर गूळ साखरेसारखाच वागतो, कॅलरीही जवळपास तेवढ्याच. गुऱ्हाळावर वर्षातून दोनदा जा, काकवी चाटा, मजा करा. रोजच्या चहात 'गूळ आहे, चालतो' म्हणून दोन खडे जादा टाकू नका.

तहानेला पाणी. जेवणाबरोबर ताक, कढीलिंबाचं, बिनसाखरेचं.

ताट

पिण्याचं बसलं की ताटाकडं वळा. अर्ध्या ताटात भाजी, कोशिंबीर, काकडी-गाजर. पाव भागात भाकरी, चपाती किंवा भात. उरलेल्या पाव भागात आमटी-उसळ, अंडं, मासा किंवा चिकन. आपलं जेवण मुळात वाईट नाही. शाळूची किंवा नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, दही, एवढ्यात सगळं येतं. गडबड प्रमाणात होते. आजऱ्याचा घनसाळ चुलीवर असला की त्याच्या वासानंच माणूस तिसऱ्यांदा भात घेतो.

रविवारचा तांबडा-पांढरा बंद करायचा का? अजिबात नाही. तसं सांगणारा आहारतज्ज्ञ इथं आठवडाभरही टिकणार नाही. पण हे बघा: पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध आणि खसखस-काजू असतात, तांबड्यावर तेलाचा तवंग. वाढायच्या आधी तवंग डावानं बाजूला काढा. मुलाला दोन्ही रस्से एकेक वाटी, मटणाचे तीन-चार तुकडे, भाकरी, कांदा-काकडी भरपूर. भाकरी खाल्ली असेल तर भात दोन घासच. मिसळीचंही तसंच. मोड आलेली मटकी ही उत्तम गोष्ट, बिघडवतात ते कट, फरसाण आणि चौथी-पाचवी ब्रेडची स्लाइस. घरी करताना मटकी वाटीभर आणि फरसाण मूठभर घाला. उलटं करू नका. बाहेरची मिसळ महिन्यातून एखाद्या वेळी.

तेल मोजायचं तर कढईत बघू नका, महिन्याच्या किराण्यात बघा. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा, म्हणजे पाच जणांना अडीच लिटर. आमच्याकडं साडेचार लिटर येत होतं. मी पहिल्या महिन्यात एक पिशवी कमी आणली. भाजी तशीच झाली, कुणाला कळलं नाही.

याहून अवघड होतं वाढणं. काय आणि किती वाजता, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती, ते मुलानं. ताटात आधी कमी वाढा, मागितलं तर परत द्या, आणि 'बास' म्हणाला की थांबा. 'ताटात टाकायचं नाही' हा नियम चांगला आहे, पण त्यासाठी कमी वाढायचं असतं, भरवून संपवायचं नसतं. पोट भरल्याचं मेंदूला कळायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून दुसऱ्या भाकरीच्या आधी जरा गप्पा मारा.

डब्यात आता फिरतं चक्र असतं: उसळ-चपाती, भाज्या घातलेलं थालीपीठ, नाचणीचं धिरडं, उकडलेलं अंडं, आणि छोट्या डबीत पेरू नाहीतर चिक्कू. चारच्या भुकेला चणे-शेंगदाणे, काकडी, किंवा कमी तेलातलं घरचं भडंग एक वाटी. वाटीत काढूनच द्या, डबा समोर ठेवलात तर भडंग संपेपर्यंत कुणी उठत नाही. शाळेच्या कँटीनबद्दल एक माहिती ठेवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ मुलांना विकायला मनाई आहे. पालकसभेत हे शांतपणे विचारता येतं. मी एकटीनं विचारलं तेव्हा सगळे हसले, तिघींनी मिळून विचारलं तेव्हा वेफर्सची पाकिटं काउंटरवरून आत गेली. बंद झाली असं म्हणणार नाही.

मैदान

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला निदान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती सलग नसली तरी चालते. वीस मिनिटं चालत शाळा आणि चाळीस मिनिटं खेळ, झाला तास. आठवड्यातून तीनदा उड्या, जोर, बैठका, चढणं असं हाडांना-स्नायूंना काम देणारं काही हवं.

या गावात खेळाला तोटा नाही. खासबाग मैदान शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ चं. पेठापेठांचा फुटबॉल तर विचारू नका, सामना असला की निम्मी पेठ शाहू स्टेडियमवर. पण बघायला जाणं म्हणजे खेळणं नव्हे, हे आमच्याकडच्या पप्पांनाही सांगावं लागलं.

जड मुलाला थेट मैदानात ढकललं तर ते चार दिवसांत परत येतं. त्याला पळता येत नाही, गोलीला उभं करतात, वर टोमणे. आधी पोहणं, सायकल, चालणं घ्या, तिथं कुणाशी बरोबरी नसते. आम्ही पहिला महिना फक्त संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला गेलो. चौपाटीवरच्या भेळेच्या गाड्या टाळायला उलट्या बाजूनं सुरुवात करायचो. दुसऱ्या महिन्यात त्याचा एक मित्र जोडला, मग दोघं पळायला लागले. तिसऱ्या महिन्यात तो स्वतः म्हणाला, फुटबॉल. जुलै-ऑगस्टच्या पावसात घराबाहेर पडता येत नाही, तेव्हा सोप्यात दोरीवरच्या उड्या आणि सूर्यनमस्कार. मुली असतील तर गौरीपर्यंत थांबू नका. झिम्मा-फुगडी दहा मिनिटं घालून बघा, मोठ्यांनाही धाप लागते.

आणि पैलवान म्हणजे आडदांड, हा समज सोडा. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिलं, ते ५७ किलोच्या गटात. हे ऐकल्यावर आमच्या आजोबांनी 'वजनदार गडी' हा शब्द मागं घेतला.

झोप आणि मोबाईल

सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराला ८ ते १०. झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, तीही गोडाची. शाळा सातची असेल तर नऊला दिवा बंद. म्हणजे घरातली मालिकाही बंद, मला तेच जड गेलं. जेवताना मोबाईल नाही, मोठ्यांनाही नाही. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, दोन ते पाचला जास्तीत जास्त तासभर.

घरात काय बोलायचं नाही

जाड्या, ढोल्या, टमाटू. लाडानं म्हटलं तरी नाही. लग्नात भेटलेल्या मावशीनं "काय रे, कुठल्या चक्कीचं पीठ खातोस?" म्हटलं, तर आपण मध्ये पडायचं: "मावशी, तो आता फुटबॉल खेळतो." पाहुण्यांसमोर वजनाचा विषय नाही. 'डाएट' हा शब्द आमच्या घरात चालत नाही. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे दोन भावंडांना दोन नियम. आमची थोरली शिडशिडीत आहे. सुरुवातीला मी तिला गुपचूप आईस्क्रीम द्यायचे आणि त्याला ताक. त्यानं ते पाहिलं आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग नियम झाला: घरात येईल ते सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही. शाबासकीला खाऊ नाही, शिक्षा म्हणून जेवण बंद नाही.

पोर बारीक असेल तर

पाच वर्षांखालच्या मुलांचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचं चित्र असं निघालं: ३५.५ टक्के खुजी, ३.४ टक्के जादा वजनाची. एकाच गल्लीत दोन्ही सापडतात.

मूल बारीक आहे, पण उंची वाढतेय, हुंदडतंय, चार्टवर स्वतःच्या रेषेला धरून चाललंय, तर त्याला सुखानं राहू द्या. वाटी घेऊन मागं पळू नका. रेषा सोडून खाली घसरत असेल, वरचेवर आजारी पडत असेल, तर दाखवा. जंतांची गोळी १ ते १९ वर्षांपर्यंत अंगणवाडी-शाळेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळते, ती चुकवू नका. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या लहानग्यांची जेवणाची भूक मरते, वर लोहही कमी पडतं. भर घालायची ती जेवणातच: भाकरीवर तूप, भाजीत शेंगदाण्याचं कूट, अंडं, केळं, खजूर. वजन वाढावं म्हणून बिस्किटं आणि वेफर्स देऊ नका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंमीपेक्षा बारीक भरला, तर ते तीव्र कुपोषण. अंगणवाडीताईंकडून त्याच दिवशी पुढं पाठवून घ्या.

किती दिवस लागतात

आम्हाला पहिले दोन महिने काट्यावर काहीही दिसलं नाही. तिसऱ्या महिन्यात वजन थांबलं. दिवाळीत, आज्जींच्या करंज्या आणि माहेरचा पाहुणचार मिळून, एक किलो चढलं, आणि मी मान्य करते, त्या करंज्यांत माझाही हात होता. वर्षानं ३९ किलो, १३७ सेंमी. बीएमआय २०.८. वजन एक किलोनं वाढलंच, तरी टिंब दुसऱ्या, लठ्ठपणाच्या रेषेच्या किंचित खाली आलं. मानेचा काळपटपणा निम्मा झालाय, तो सावकाश जातो म्हणे. डॉक्टरांनी दर तीन महिन्यांनी चार्टवर नवं टिंब टाकायला आणि सहा महिन्यांनी परत साखर तपासायला सांगितलंय. सुतळीत अजून दीड बोटाची फट आहे.